टॉपिक नको, प्रश्न घेऊन लायब्ररीत जा

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका मुलीचं पत्र आलंय, सिव्हिल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पत्र लांब आहे, त्यातलं महत्त्वाचं तेवढं देते.

"ताई, आमचा चौघांचा ग्रुप आहे. प्रोजेक्ट घेतलाय खाणीवरच्या टेलिंग्जचा काँक्रीटमध्ये वाळूच्या जागी वापर. गाइड सर म्हणाले आधी लिटरेचर सर्व्हे करा, २५ पेपर तरी पाहिजेत. लायब्ररीत गेलो तर नुसती टेक्स्टबुकं, तीसुद्धा जुनी. गूगलवर पेपर सापडतात पण क्लिक केलं की डॉलरमध्ये पैसे मागतात. लायब्ररीच्या सरांना एकदा विचारलं तर म्हणाले ओपॅकवर बघ, मला ते काय तेच कळलं नाही आणि परत विचारायची भीती वाटते. सीनियर म्हणतात गेल्या वर्षीचा रिपोर्ट घ्या आणि इकडे तिकडे बदला. मी चौथीपर्यंत मराठीतून शिकले, इंग्लिश पेपर वाचायला घेतला की पहिल्याच पानावर डोकं जड होतं. माझ्या बाबांचा खाणीवर ट्रक होता, बंदीनंतर विकला. म्हणून हा टॉपिक मीच सुचवलेला, आता वाटतं उगाच सुचवला. काय करू?"

अगं, अजिबात उगाच नाही सुचवलास. २०१२ ला खाणी थांबल्या, मग काही काळ चालल्या आणि २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीजं रद्द केली, पण तुमच्या भागात मातीचे ते लाल डोंगर आणि टेलिंगची, म्हणजे लोहखनिज धुतल्यावर उरलेल्या बारीक गाळाची, तळी आहेत तिथेच आहेत, पावसाळ्यात ती माती शेतात उतरते ते तुम्ही लहानपणापासून बघताय. दुसरीकडे नदीतल्या वाळूवरून गोव्यात किती वर्षं भांडणं आणि कोर्टबाजी चाललीय. म्हणजे एक वस्तू नको तिथे पडून आहे आणि दुसरी पाहिजे तिथे मिळत नाही, ह्या दोन्हीच्या मधोमध तुमचा प्रोजेक्ट आहे. हे ज्या घराने सोसलंय त्या घरातल्या मुलीने हा विषय घ्यावा ह्याचा मला मनापासून आनंद झाला. तेव्हा विषय सोडू नकोस.

अडचण कुठे आहे सांगते. तुम्ही लायब्ररीत टॉपिक घेऊन गेलात आणि टॉपिकवर कोणी काही काढून देऊ शकत नाही. बाजारात जाऊन कोणी "मासळी द्या" म्हणत नाही, अर्धा किलो बांगडे द्या म्हणतात, मग ती बाई टोपलीत हात घालते. तसं "टेलिंग्जचा वापर" हा टॉपिक झाला, प्रश्न असा असतो: एम २५ दर्जाच्या काँक्रीटमध्ये वाळूच्या जागी १०, २०, ३०, ४० टक्के टेलिंग्ज घातलं तर २८ दिवसांची स्ट्रेंथ किती होते, वर्केबिलिटी, म्हणजे ओलं काँक्रीट घालण्याची सोय, कुठे बिघडायला लागते, आणि त्या काँक्रीटमधून पाण्यात लोखंड-मँगनीज सुटतं का. आता ह्या एका प्रश्नात शोधायचे तीन वेगवेगळे धागे आहेत आणि ग्रुपमध्ये तुम्ही चौघं आहात. तीन धागे तिघांना वाटा, चौथ्याने कोडबुकं बघायची. चौघांनी मिळून एकच शब्द गूगल करत बसण्यात महिना जातो आणि चौघांकडे तेच पाच पेपर असतात.

आणि आधी एक गोष्ट पक्की करा, तुमच्या हातात आहे ते नक्की काय? आपल्याकडे खाणीवरच्या सगळ्याला लोक सरसकट रिजेक्शन म्हणतात. पण ओर, म्हणजे लोहखनिज, काढण्यासाठी वरची माती-दगड काढून टाकलेला डंप वेगळा, आणि ओर प्लांटमध्ये धुतल्यावर उरलेला बारीक गाळ, जो तळ्यात सोडतात, ते टेलिंग्ज वेगळं. डंपमधला माल जाडाभरडा, टेलिंग्ज अगदी बारीक, आणि बारीक माल काँक्रीटमध्ये पाणी जास्त मागतो, सगळा फरक तिथून सुरू होतो. हे तुझ्या बाबांना विचार, कुठल्या प्लांटचं काय कुठे टाकलं जायचं ते ट्रकवाल्यांना चांगलं माहीत असतं, कुठल्याही पेपरात नाही मिळणार. मग सर्चचे शब्दही त्याप्रमाणे बदलतात. टेलिंग्ज असेल तर "आयर्न ओर टेलिंग्ज", डंप असेल तर "माइन ओव्हरबर्डन" किंवा "माइन वेस्ट रॉक", त्याला जोडून "फाइन ॲग्रिगेट रिप्लेसमेंट", "सँड रिप्लेसमेंट", "लीचिंग" (म्हणजे पाण्यात धातू सुटणं). टाइप अर्थातच इंग्लिशमध्ये करायचं. पूर्ण शब्दसमूह अवतरणचिन्हात टाकायचा म्हणजे तो सलग तसाच शोधला जातो, आणि दोन पर्यायांच्या मध्ये कॅपिटलमध्ये ऑर लिहायचं. साध्या गूगलवर नको, गूगल स्कॉलरवर. वहीच्या एका पानावर कुठल्या दिवशी कुठला शब्द कुठे टाकला आणि काय मिळालं ते लिहीत जा, कंटाळवाणं वाटेल पण पुढे व्हायव्हाला कोणी विचारलं की पेपर कसे निवडलेत, तर तुमच्याकडे उत्तर असेल.

आता लायब्ररीच्या सरांचं. ओपॅक म्हणजे कॉलेजच्या पुस्तकांचा कॉम्प्युटरवरचा कॅटलॉग, बस एवढंच, पूर्वी लाकडी ड्रॉवरमध्ये कार्डं असायची त्याच्या जागी हे आलंय. बहुतेक ठिकाणी घरून मोबाइलवरही उघडतो. त्यात नाव टाकलं की पुस्तक आहे की नाही, कोणाकडे गेलंय, आणि त्याचा नंबर काय ते दिसतं. तो नंबर महत्त्वाचा. बऱ्याच लायब्रऱ्यांत पुस्तकं ड्युई पद्धतीने लावलेली असतात, त्यात सिव्हिल ६२४ ला येतं म्हणून सिव्हिलची मुलं त्याच कपाटापुढे उभी राहतात आणि म्हणतात काही नाही. पण तुमचा विषय एका कपाटात मावत नाही, खाणकाम ६२२ ला आहे, पाणी-प्रदूषण ६२८ ला, बांधकामाचं साहित्य ६९१ ला. त्या तिन्ही कपाटांपुढे एकदा निवांत उभं राहून बघा. आणि जुनी पुस्तकं म्हणून नाक मुरडू नका, सिमेंटचं हायड्रेशन काय किंवा पाणी-सिमेंट रेशो वाढला की स्ट्रेंथ का पडते काय, हे वीस वर्षं जुन्या पुस्तकात असलं तरी तेच आहे. जुनं चालत नाही ते फक्त कोडचं.

लायब्ररीत आणखी एक कोपरा असतो जिथे सहसा कोणी जात नाही, बाइंड केलेल्या जर्नल्सचा. इंडियन काँक्रीट जर्नल १९२७ पासून निघतंय, तुमच्या कॉलेजात त्याचे जुने खंड असतील तर चाळा. आपल्या देशातली वाळू, आपलं सिमेंट, आपली हवा धरून केलेली कामं त्यात सापडतात आणि त्यातलं इंग्लिशही वाचायला सरळ असतं. तिथेच मागच्या वर्षांचे प्रोजेक्ट रिपोर्ट आणि एमईचे प्रबंधही ठेवलेले असतात, बहुतेक घरी देत नाहीत, तिथेच बसून वाचायचे.

भीती वाटते म्हणालीस म्हणून हे मुद्दाम लिहिते. मी आयुष्याचा मोठा भाग लायब्ररीच्या टेबलापलीकडच्या बाजूला काढलाय. तिथल्या माणसाला दिवसभर येणारे प्रश्न असतात फाइन किती झाला, झेरॉक्स कुठे, बॅग कुठे ठेवू. अशात एखादी मुलगी कागदावर प्रश्न लिहून आणते आणि म्हणते सर, हे असं शोधतेय, हे हे शब्द टाकून बघितले, हे दोन पेपर मिळाले पण उघडत नाहीत, मला कळत नाही पुढे कुठे बघू, तेव्हा समोरच्या माणसाचा चेहरा बदलतो, त्याला शिकवलेलं काम करायला मिळतं. तू "ओपॅकवर बघ" हे उत्तर मनाला लावून घेऊ नकोस. सकाळी उघडल्या उघडल्या किंवा जेवणानंतरच्या शांत वेळेला जा, कागद घेऊन जा आणि सरळ सांग, ओपॅक मला येत नाही, पाच मिनिटं दाखवाल का. आणि तिथेच हेही विचार की आपलं कॉलेज कुठल्या कुठल्या ई-रिसोर्सचं मेंबर आहे. ह्या एका प्रश्नावर तुझी डॉलरवाली अडचण निम्मी सुटेल.

कशी ते बघ. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना सुरू झालीय. ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स देशातल्या ६,३०० च्या वर सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना उघडून दिलीत, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवलेत त्याला, सगळं काम गांधीनगरचं इन्फ्लिबनेट हे लायब्रऱ्यांचं सरकारी केंद्र बघतं. एल्सव्हिअर, स्प्रिंगर, टेलर अँड फ्रान्सिस, एएससीई, तू ज्या दारांवरून परत आलीस त्यातली बहुतेक ह्यात आहेत. पण ही सरकारी संस्थांसाठी आहे, केंद्राच्या आणि राज्यांच्या दोन्ही. तू कॉलेजचं नाव लिहिलं नाहीस, ते ठीकच केलंस, पण कॉलेज सरकारी असेल तर लायब्ररीत विचार की आपलं रजिस्ट्रेशन झालंय ना, आणि घरून लॉगिन मिळतं की कॅम्पसच्या नेटवर्कवरच बसावं लागतं. मोबाइल डेटावर बसून पेपर उघडला तर साइटला कळणार कसं की तू त्या कॉलेजची आहेस? ती पैसेच मागणार. कित्येक मुलं कॅम्पसमध्ये बसूनसुद्धा स्वतःच्या डेटावर असतात आणि म्हणतात आपल्याकडे ॲक्सेस नाही.

कॉलेज प्रायव्हेट असेल तर वेगळा रस्ता, पण रस्ता आहे. डेलनेट नावाचं दिल्लीचं लायब्ररी नेटवर्क आहे, बरीच इंजिनीअरिंग कॉलेजं त्याची मेंबर असतात, आपल्या लायब्ररीतर्फे दुसऱ्या लायब्ररीतलं पुस्तक किंवा लेखाची कॉपी मागवता येते, वेळ लागतो म्हणून आधी मागवायचं. शिवाय स्वतःच्या पायांनी जायचं. ताळगावच्या पठारावर गोवा युनिव्हर्सिटीची लायब्ररी आहे, तुमचं कॉलेज युनिव्हर्सिटीशी संलग्न आहे तर प्रिन्सिपॉलच्या सहीचं पत्र आणि आयकार्ड घेऊन जा, तिथे बसून बघायला मिळेल का ते आधी फोन करून विचारून घ्या म्हणजे फेरी फुकट जात नाही. फर्मागुडीचं गोवा इंजिनीअरिंग कॉलेज १९६७ चं आहे, सिव्हिलचं जुनं साहित्य तिथे भरपूर असणार, तिथेही तसंच पत्र घेऊन विचारा. पत्र एकदाच टाइप करा, चौघांची नावं घाला, चार प्रती काढा.

आणि कुठलंच मेंबरशिप नसलं तरी मार्ग संपत नाहीत. स्कॉलरवर पुष्कळ पेपरांच्या खाली "ऑल व्हर्जन्स" असं लिहिलेलं असतं ते दाबून बघ, बऱ्याचदा लेखकाने तोच पेपर स्वतःच्या युनिव्हर्सिटीच्या साइटवर फुकट ठेवलेला असतो. अनपेवॉल म्हणून ब्राउझरला जोडायचं एक एक्स्टेन्शन आहे, कायदेशीर फुकट प्रत कुठे असेल तर ते दाखवतं. तेही नाही जमलं तर लेखकाला मेल कर. पेपरच्या पहिल्या पानावर पत्ता असतो, तीन ओळी पुरे: मी कोण, काय करतेय, तुमच्या ह्या पेपरची प्रत मिळेल का. लेखकाला त्या तीस-चाळीस डॉलरातला एक पैसा मिळत नाही, आपलं काम कोणीतरी वाचतंय ह्याचं त्याला अप्रूप असतं, पुष्कळ जण पाठवतात. चोरट्या साइट्सच्या मागे लागू नका, गरजच नाही.

तुझ्या विषयासाठी दोन ठिकाणं खास बघायची. एक कर्नाटक. कुद्रेमुखला २००५ च्या अखेरीपर्यंत लोहखनिजाचं मोठं काम चालायचं, तिथलं टेलिंग लाक्या धरणाच्या मागे साठवलेलं आहे, त्यावर विटा, पेव्हर, काँक्रीट अशी कामं झालीत. पाऊस आणि घाट आपल्यासारखाच, म्हणून तुलना करायला चांगलं. दुसरं ब्राझील. ५ नोव्हेंबर २०१५ ला तिथल्या मारियाना गावाजवळ टेलिंगचं धरण फुटलं, १९ माणसं गेली, नदीभर चिखल गेला, त्यानंतर ह्या गाळाचं करायचं काय ह्यावर तिथल्या युनिव्हर्सिट्यांनी खूप काम केलं. तिथलं बरंचसं सायेलो नावाच्या साइटवर पूर्ण फुकट आहे, काही पोर्तुगीजमध्ये असेल पण सारांश इंग्लिशमध्येही असतो. फक्त एक लक्षात ठेव, त्यांचं टेलिंग आणि आपलं टेलिंग सारखं नसतं, सिलिका किती, लोखंड किती, कण केवढे ह्याचा तक्ता आधी बघायचा आणि मगच त्यांचा आकडा आपल्या रिपोर्टात घ्यायचा.

शोधगंगा माहीत आहे का? नसेल तर आज रात्रीच उघड. देशभरच्या युनिव्हर्सिट्यांतले पीएचडीचे प्रबंध तिथे ठेवलेत, हेही इन्फ्लिबनेटचंच, लॉगिन नको, पैसे नकोत. आणि प्रबंध प्रकरणाप्रमाणे वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतो. बहुतेक प्रबंधांचं दुसरं प्रकरण असतं लिटरेचर रिव्ह्यू. टेलिंग्ज किंवा वाळूला पर्याय ह्यावरचा एक चांगला प्रबंध मिळाला तर त्या माणसाने वर्षानुवर्षं खपून गोळा केलेले संदर्भ तुझ्यासमोर एका जागी असतात, कशाने काय होतं, कोणाचं कोणाशी पटत नाही, सगळं समजावून. ते उतरून काढायचं नाही, त्यातली नावं घेऊन मूळ पेपर शोधायचे. मला विचारशील तर २५ पेपर वेचायच्या आधी असा एक प्रबंध पूर्ण वाचावा, पुढचं सगळं सोपं जातं.

मग साखळी धरायची. चांगला एक पेपर मिळाला की शेवटची संदर्भांची यादी बघून मागे जायचं, आणि स्कॉलरवर त्याच्याखाली "सायटेड बाय" असतं ते दाबून पुढे यायचं, म्हणजे त्याच्यानंतर कोणी कोणी त्याचा आधार घेतला ते कळतं. असं मागे-पुढे केलं की तीच ती पाच-सहा नावं परत परत यायला लागतात. ती यायला लागली म्हणजे समज, ह्या विषयातली मुख्य माणसं सापडली.

गोव्याची माहिती मात्र जर्नलमध्ये शोधून फार मिळणार नाही, ती सरकारी कागदांत आहे, आणि इथेच तुमचा प्रोजेक्ट बाकीच्यांपेक्षा वेगळा होऊ शकतो. खाणीला परवानगी मागताना कंपनीला पर्यावरण आघात अहवाल द्यावा लागतो, २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीसाठी त्याचा सारांश स्थानिक भाषेतही लागतो. केंद्र सरकारच्या पर्यावरण मंजुऱ्यांच्या परिवेश पोर्टलवर शोधा, तुमच्याच गावाजवळच्या खाणीचा अहवाल मिळाला तर त्यात माती, पाणी, किती रिजेक्शन निघणार, कुठे टाकणार असे आकडे असतात. नागपूरच्या इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मिनरल्स इयरबुक नेटवर फुकट आहे, गोव्याच्या खनिजाची राज्यवार माहिती त्यात आहे. खाणीच्या मातीचं नदीत काय होतं हे पाहिजे असेल तर दोनापावलाची एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, मांडवी-झुआरीवर त्यांनी खूप वर्षं काम केलंय आणि त्यांच्या शास्त्रज्ञांचे पेपर त्यांच्या स्वतःच्या डिजिटल संग्रहात ठेवलेले असतात. आणि पणजीला गेलीस की पाट्टोवरची कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी, कदंबा स्टँडवरून चालत जाता येतं. १८३२ साली सुरू झालेली, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक लायब्रऱ्यांपैकी एक. काँक्रीटचे पेपर तिथे नाही मिळणार, पण खाण बंद झाली तेव्हाची मराठी वर्तमानपत्रं आणि गोव्यावरची पुस्तकं तिथे बसून बघता येतील, तुमच्या रिपोर्टच्या पहिल्या प्रकरणाला ती लागतील.

कोडबुकं. चौथ्या मेंबरचं काम. भारतीय मानकं पूर्वी विकत घ्यायला लागायची, आता बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) पोर्टलवर रजिस्टर करून बहुतेक फुकट डाउनलोड होतात, तरी मुलं सीनियरकडून आलेली धूसर झेरॉक्स वापरतात. तुम्हाला मुख्यतः आयएस ३८३ पाहिजे, २०१६ ची आवृत्ती, जाड आणि बारीक ॲग्रिगेटची. त्या आवृत्तीत पहिल्यांदा नैसर्गिक वाळू-खडी सोडून स्लॅग आणि पाडलेल्या काँक्रीटपासून केलेलं ॲग्रिगेटसुद्धा किती टक्क्यांपर्यंत चालेल ते दिलंय. टेलिंग्ज त्यात कुठे बसतं, बसत नसेल तर का, हे तुम्ही स्वतः वाचून दोन परिच्छेद लिहा, परीक्षकांना ते आवडेल कारण कोणी लिहीत नाही. मिक्स डिझाइनला आयएस १०२६२, २०१९ ची. जुनी २००९ ची घेऊन कॅल्क्युलेशन केलं तर सगळी मेहनत वाया, म्हणून प्रत्येक कोडचं वर्ष आणि नंतरच्या अमेंडमेंट बघायच्याच.

आता इंग्लिशचं. तू पेपर पहिल्या पानापासून वाचायला जातेस म्हणून डोकं जड होतं. इंट्रोडक्शन हा पेपरातला सगळ्यात अवघड भाग असतो, भाषेच्या दृष्टीने. तू आधी सारांश वाच, मग थेट शेवटचं कन्क्लूजन, मग नुसते ग्राफ आणि तक्ते बघ आणि प्रत्येक ग्राफखाली मराठीत एक ओळ लिही: टेलिंग्ज वाढवलं तर स्लम्प (ओलं काँक्रीट किती बसतं त्याचं माप) पडला, ३० टक्क्यांपर्यंत स्ट्रेंथ टिकली, मग उतरली, जे काय असेल ते. मग मेथड. इंट्रोडक्शन सगळ्यात शेवटी, किंवा नाही वाचलंस तरी चालेल. अवघड शब्द दहा-पंधराच असतात आणि प्रत्येक पेपरात तेच येतात, तिसऱ्या-चौथ्या पेपरनंतर ते ओळखीचे होतात. मराठीत विचार करून समजून घ्यायचं आणि मग इंग्लिशमध्ये लिहायचं ह्यात कमीपणा काही नाही, उलट ज्याला स्वतःच्या भाषेत सांगता येतं त्याला खरं समजलेलं असतं, व्हायव्हात तेच उपयोगी पडतं.

आणि वाचलेलं सगळं एका एक्सेल शीटमध्ये. एका पेपरची एक ओळ. कॉलम असे: कुठल्या देशाचं टेलिंग्ज, लोखंड किती, सिलिका किती, कण केवढे, किती टक्के वाळू बदलली, पाणी-सिमेंट रेशो, सुपरप्लास्टिसायझर घातलं का, स्लम्प, ७ आणि २८ दिवसांची स्ट्रेंथ, लीचिंग तपासलं का. हे शीट म्हणजेच तुमचा लिटरेचर सर्व्हे. "अमुक यांनी असं म्हटलं, तमुक यांनी तसं म्हटलं" अशी २५ परिच्छेदांची माळ म्हणजे सर्व्हे नाही, कोणीच ते वाचत नाही. शीट भरलं की काय दिसेल बघ, स्ट्रेंथचा कॉलम जवळजवळ सगळीकडे भरलेला असेल आणि कुठलातरी एक कॉलम सारखा रिकामा राहील, कदाचित लीचिंगचा, कदाचित पावसाळी हवेत वर्षभरानंतर काय होतं त्याचा. तो रिकामा कॉलम म्हणजे तुमच्या प्रोजेक्टची जागा, गाइड ज्याला रिसर्च गॅप म्हणतात ती. २५ चा आकडा सरांनी दिलाय तर पाळा, पण त्यातले आठ-दहा असे नीट खणून वाचा आणि बाकीच्यांची शीटमध्ये एकेक ओळ भरली तरी पुरे. संदर्भ साठवायला झोटेरो घ्या, फुकट आहे, क्लिक केलं की पेपर त्यात जातो आणि शेवटची यादी आपोआप तयार होते, पहिल्या दिवसापासून वापरलं तरच उपयोग.

एआयचं विचारलं नाहीस पण चौघांतला कोणीतरी वापरत असेलच. अवघड परिच्छेद समजावून घ्यायला वापरा, पण त्याच्याकडून संदर्भांची यादी मागू नका. अस्तित्वात नसलेले पेपर तो खऱ्यासारखे लिहून देतो, लेखक, वर्ष, जर्नल सगळं. प्रत्येक पेपरचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळख-नंबर, टाकून तो खरंच उघडतो का बघितल्याशिवाय यादीत घालायचा नाही. तसंच चार दिवसांत पेपर छापून देतो, इतके पैसे भरा, असे मेसेज प्रोजेक्टच्या सीझनला व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यांच्या नादी लागू नका आणि तिथे छापलेलं काही आधार म्हणून घेऊही नका.

सीनियरच्या रिपोर्टबद्दल माझं स्पष्ट मत आहे, तो घ्या, आणि उघडपणे घ्या. लायब्ररीतून काढा, वाचा, त्यांनी कुठल्या प्लांटचं सँपल घेतलं, क्युब (तपासणीसाठीचे काँक्रीटचे ठोकळे) किती टाकले, कुठे अडले ते बघा, जमलं तर त्या सीनियरना फोन करा, आणि तुमच्या रिपोर्टात त्यांचं नाव देऊन लिहा की मागच्या बॅचने इथपर्यंत केलं, आम्ही इथून पुढे करतोय. बदलून स्वतःचं म्हणून दिलात तर सिमिलॅरिटी चेकमध्ये सापडेलच, पण तो मुद्दा सोड, तुझ्या गावच्या मातीवर तुझ्या हाताने केलेली एकही टेस्ट त्यात नसेल आणि तुला ते कायम खुपत राहील.

ह्या आठवड्यात एवढं कर. प्रश्न एका कागदावर लिहून गाइडना दाखव, तोच कागद घेऊन लायब्ररीत जा, ई-रिसोर्सचं विचार, आणि युनिव्हर्सिटी लायब्ररीसाठीचं पत्र ऑफिसात सहीला टाक. सही व्हायला वेळ लागतो आणि चवथीची सुट्टी लागली की ऑफिसात कोणी भेटत नाही, म्हणून पत्र सगळ्यात आधी. क्युबचे निकाल आले की परत लिही, लीचिंगचं काय निघालं ते मला खरंच जाणून घ्यायचंय.